अस्तर

चिखलीला, खाडीच्या अंगाला, पत्र्याची शेड.
आत दोन माणसांचं विमान, अजून सुटं सुटं:
पंखांची टोकं खाटेवर, नाकाचा टोप स्टुलावर,
चाकांची बुटं वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
पिकायला ठेवलेल्या पपयांसारखी.
कॅप्टन लोटलीकर रोज विचारून जातात, रंग कधी?
इनास मेस्त मान न वळवता सांगतो, "रंग मागीर."

आधी मेण.
साच्यातून सुटावं म्हणून कोणीतरी चोपडलेलं.
दिसत नाही, पाणी टाकलं की कळतं:
थेंब पसरत नाहीत, अळूवरून पळावेत तसे पळतात.
साबणाने धू. मग दोन फडकी,
ओलं पुढे, कोरडं त्याच्या मागोमाग,
मधेच सुकलं तर परत पहिल्यापासून.
आणि उघडा तळवा कुठेच टेकायचा नाही.

बेतूलला होड्या करायचो तेव्हा, इनास सांगतो,
एकीला मी हात टेकला, जेवून आलेला,
तळलेल्या बांगड्याचा.
त्यावर निळ्याचे दोन हात चढवले.
नाताळपर्यंत टिकलं. मग तेवढ्याच जागी सोललं,
पाच बोटं, अंगठ्यासकट.
होडीवाला म्हणाला, राहू दे.
तिचं खरं नाव कोणाला आठवत नाही आता.

मी घासते. एकशेऐंशी, मग तीनशेवीस.
काचेची धूळ मनगटात शिरते, रात्रभर खाजते.
थंड पाण्याने न्हा, मेस्त म्हणतो,
ऊन पाण्याने कातडी उघडते.
वीण झाकेल इतकंच भर, पण वीण कापू नकोस,
उडायचं आहे ते तिच्या जोरावर.
मग काळ्याचा पातळ तुषार, आणि पुन्हा घासणं:
सगळीकडचा जातो,
खळग्यात मात्र उरतो, दाढेतल्या किडीसारखा.

भिंतीवर ओलाव्याचं घड्याळ. एक्क्याण्णव.
नौदलाचं विमान उतरतं, पत्रे थरथरतात.
अठ्ठ्याऐंशी.
ओहोटी लागलीय, बायका चिखलात वाकून तिसऱ्या काढतायत.
"राव गो बाय, मातशें राव."
दीड वाजता अठ्ठ्याहत्तर.
तो एका डब्यातलं दुसऱ्यात ओततो, चारास एक,
वीस मिनिटं ठेवून देतो,
आणि त्या वीस मिनिटांत कोणी बोलत नाही,
कोणी सांगितलेलं नसताना.

फवारा. करडा, ओल्या राखेचा.
आणि भोकं.
दहा नाहीत, शंभर. सुईने टोचल्यासारखी,
अगदी तिथे, जिथे काल माझी बोटं
शपथेवर सांगत होती, गुळगुळीत.
मला रडू येतं, ते मास्कमध्येच राहतं.
अजून एक जाड हात मारूया?
"झाकतील," इनास म्हणतो. "हवा आत तशीच.
वर उन्हात गेलं की फुगेल."

ही हवा इथली नाही.
लांबच्या कुठल्या कारखान्यात कापडावर राळ चोळताना
त्या माणसाला घरी जायचं असेल,
रोलर जरा हलका फिरला असेल.
तिथली तेवढी हवा आत राहिली,
समुद्र ओलांडून आली,
बंदरात कोणी तिची नोंद केली नाही.
मी पात्याच्या कोपऱ्याने एकेक भोक उघडते,
पुट्टी दाबते, आडवी, मग उभी.
ती हवा चिखलीत मिसळते. काही वास नाही.

शेवटच्या बसमध्ये कंडक्टर माझ्या पापण्या बघतो.
"पिठाचे गिरणींत काम करता गो?"
हय, म्हणते मी, तिकीट घेते.
खिडकीच्या काचेवर हात टेकायला जाते
आणि मागे घेते.